मायच्या जांघेतली काळी गाठ

ऑपरेशन थिएटरच्या दारातून डॉक्टर बाहेर आला तो हातात प्लॅस्टिकची बाटली घेऊनच. बाटलीत पाण्यासारखं औषध आणि त्यात मायच्या जांघेतून काढलेली गाठ, मधोमध चिरलेली. आतून काळी कुळकुळीत. त्याने ती माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, "बघा. तळपायातला डाग इथपर्यंत पोचलाय. हा कातडीचा काळा कॅन्सर. तळपायाचाही तुकडा तपासायला काढलाय, पण त्यात आता शंका नाही. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल." मग भावाकडे वळून, "बेड सोडू नका. रिपोर्ट येईल तेव्हा येईल, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

मी मुद्दाम 'आला', 'म्हणाला' असं लिहिते आहे. त्या दिवशी मी त्याला साहेब, सर म्हणत होते. आता जीभ वळत नाही.

सोबत माझा थोरला भाऊ होता. गोंडपिपरीकडे रानाला लागून आमचं गाव आहे. तिथे तो धानाची शेती करतो आणि माय त्याच्याजवळ राहते. मी राजुऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. भाऊ बाकावर बसला, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "साहेब म्हनते तं करा लागन. पाय गेला तं गेला, माय तं राह्यन." त्याचा जीव मायमध्ये आहे, हे मला ठाऊक होतं. तरी राग आला. एक बैल विकायचा तर हा माणूस चार जणांना विचारतो, आणि मायचा पाय त्याने बसल्या जागी देऊन टाकला!

या पायाचं दुखणं पावसाळ्यातलं. माय वास्ते काढायला रानात गेली होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात त्यांची भाजी झाली नाही तर आमच्याकडे पावसाळा झाला असं कुणी मानत नाही. तिथे कापलेल्या बांबूची टोकदार खुटी तिच्या डाव्या तळपायात घुसली. तिने ती उपटून फेकली, लुगड्याची चिंधी बांधली आणि वास्ते घेऊनच घरी आली. जखम वरून मिटायची, आतून ठणकायची, पुन्हा फुटायची. धान कापणीला आलं तोवर तळव्यावर काळा डाग पडला होता आणि डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती. तेव्हा कुठे भावाने तिला शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं.

त्या पहिल्या तपासणीला मी नव्हते. काय झालं ते भावाने सांगितलं. डॉक्टरने विचारलं, म्हणण्यापेक्षा झापलं. "काय लावलं होतं? शेण? पाला? तुम्ही लोक काय वाट्टेल ते फासता आणि मग आमच्याकडे येता." माय म्हणाली, "काई नाई लावलं जी." चौकशी संपली. मग त्याने पायावरची चादर वर सारली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण त्याला दिसलं आणि गडी एकदम खूश झाला. "वा! अस्सल ट्रायबल आर्ट!" म्हणून त्याने मोबाईल काढला आणि दोन्ही पायांचे फोटो घेतले. मायला विचारलं नाही. भाऊ हे मला कौतुकाने सांगत होता, "साहेबायनं मायच्या पायाचे फोटो काढले."

ज्याने हे फोटो काढले त्यानेच पुढे माझ्यासमोर ती बाटली धरली. माझा सगळा संताप या एवढ्या गोष्टीत आहे. तो का, हे कळायला मी वर्गात काय शिकवते ते थोडं सांगावं लागेल.

आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी असतात. पुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. जंतू गिळतात, मेलेल्या पेशी खातात, शरीराचे सफाई कामगार. झालं, पुढचा धडा. गाईडवाल्यांनी ते 'सफाई कामगार' इतकं घोटवून घेतलंय की एखादं पोरगं आकृतीत पेशीच्या हातात खराटा देईल. मला त्या शब्दाची चीड येते. एक तर आपल्याकडे सफाई करणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी पाहत नाही. आणि दुसरं म्हणजे ते अर्धसत्य आहे. ही पेशी ज्या अवयवात राहते तिथलं काम शिकते. फुफ्फुसात राहिली की धूळ गिळते. खाणीजवळच्या माझ्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्या बापांच्या छातीत ती कोळशाची भुकटी पोटात घेऊन बसलेली असते. यकृतात ती रक्ताच्या वाटेवर ठाण मांडते आणि आतड्याकडून आलेलं रक्त चाळून घेते. पानथरीत, म्हणजे प्लीहेत, म्हाताऱ्या तांबड्या पेशी हुडकून मोडते आणि त्यांच्यातलं लोह शरीराला परत देते. आमच्या भागात सिकलसेलची लेकरं घरोघर आहेत, त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात, त्यांच्या पानथरीत तिला केवढं काम पडत असेल याची कल्पना करा. हाडात तिच्याच गोतातल्या पेशी जुनं हाड कुरतडतात म्हणून नवं हाड बसायला जागा होते. मेंदूत ती नको झालेल्या जोडण्या छाटते, माळ्याने फांद्या छाटाव्यात तशी.

आणि कातडीत ती गोंदण सांभाळते.

हे दरवर्षी शिकवणारी बाई मी. आणि बाटली समोर आली तेव्हा मला यातलं अक्षर आठवलं नाही. भीतीपुढे शिकलेलं सगळं पांगतं. मी बाटलीकडे बघत राहिले आणि मान हलवली.

आठवलं ते दुपारी, वॉर्डात. मायची भूल उतरली होती. तिने आधी पाणी मागितलं, मग हळूच विचारलं, "काऊन वं, मावा पाय तोडून राह्यले का?"

"तुले कोनं सांगितलं?"

"बाजूच्या खाटेवरची बाई बोलून राह्यली होती. डाक्टर तं मले काईच नाई बोलला."

त्या माणसाने भावाला सांगितलं, मला सांगितलं, नर्सला सांगितलं, बाजूच्या खाटेपर्यंत बातमी गेली. जिचा पाय, तिला तेवढं सांगायचं राहिलं! तिच्या डोळ्यांत बघवेना म्हणून मी तिच्या पायावरची चादर नीट करायला लागले, आणि गोंदण समोर आलं.

मायच्या नडग्यांवर ठिपक्यांच्या ओळी आहेत, त्यांच्यामध्ये उभ्या रेघा आणि घोट्यावर दोन्हीकडे तिरक्या चौकटी. लग्नाआधी गावात गोंदणारी बाई आली होती. दिव्याची काजळी तेलात खलायची, सुयांचा जुडगा त्यात बुडवायचा आणि टोचत जायचं. दोघींनी मायचे पाय दाबून धरले होते. गोंदताना रडली तर सासरी हसतील असं तिला सांगितलेलं, म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. हे ती आम्हाला लहानपणी हसत सांगायची. तेव्हा ते गोंदण काळं होतं, आता हिरवट निळं दिसतं.

काजळी म्हणजे काय? कोळसाच, बारीक. ती कातडीत शिरली की तिथल्या भक्षक पेशी धावून येतात आणि गिळतात. पण काजळी पचत नाही. मग ती पोटात ठेवून त्या तिथेच बसतात. एक पेशी मेली की काजळी सुटते, शेजारची ती उचलते. माणसाचं उभं आयुष्य हा सांभाळ चालतो, म्हणून गोंदण जात नाही. आणि थोडी काजळी या पेशी पुढच्या नाक्यावर पोचवतात. पायाचा पुढचा नाका कुठला? जांघेतल्या गाठी.

गाठ काळी निघणार नाही तर काय पांढरी निघेल?

मी तशीच उभी राहिले. अंगातून आधी आनंदाची लहर गेली आणि तिच्या मागोमाग राग आला. त्या माणसाने हे गोंदण पाहिलं होतं. त्याच्या मोबाईलमध्ये त्याचे फोटो होते! मीही विसरले होते, पण भीतीने. तो कशाने विसरला? त्याच्या लेखी ते मायच्या कातडीत नव्हतंच. भिंतीवर टांगायच्या चित्रासारखं त्याने ते पाहिलं, खूश झाला आणि चादर खाली ओढली.

पण तळव्यावरच्या डागाचं काय? तिथे तर गोंदण नाही. मी मायच्या उशाशी बसले.

"माय, पायाले काय लावलं होतं?"

"काई नाई."

"मी डाक्टर नोहो माय. मी ओरडत नाई."

तिने दाराकडे पाहिलं, भाऊ नाही याची खात्री केली. "बिबा लावला. थोडा बरा वाटे, मंग पुन्ना दुखे, पुन्ना लावो."

बिब्याला सुई टोचून दिव्यावर धरायचं, काळं तेल सुटलं की जखमेवर टेकवायचं. काटा रुतला की आमच्याकडे सगळे हेच करतात. बिब्याने कातडी पोळते आणि काळी पडते, इतकी की पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा त्यानेच करत. पावसाळाभर बिबा लावलेला तळवा काळा पडणार नाही तर काय होईल!

"मंग डाक्टरले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुह्या भावाले बोलला असता. चार लोकायसमोर."

म्हणजे पोराचा अपमान टाळायला या बाईने आपला पाय पणाला लावला होता. मला तिचाही राग आला, क्षणभर. पण तिची काय चूक? दवाखान्यात तोंड उघडलं की बोलणी बसतात हे ती आयुष्यभर शिकली. बाळंतपणात, ज्वरात, नातवाच्या लसीच्या वेळी, प्रत्येक वेळी कुणीतरी तिला झापलं. ज्याला खरं ऐकायचं असतं तो आधी ओरडत नाही. ही साधी गोष्ट एवढी वर्षं शिकलेल्यांना कळत नसेल तर त्या शिक्षणाला काय जाळायचंय?

मी डॉक्टरच्या खोलीत गेले. गोंदणाचं सांगितलं, बिब्याचं सांगितलं. म्हटलं, "सर, गोंदण उजव्या पायालाही आहे. उजव्या जांघेतली गाठ उघडली तर तीही काळीच निघेल. त्या पायाला तर जखमही नाही."

तो हसला. "मॅडम, अकरावी-बारावीला शिकवणं वेगळं आणि पेशंट बघणं वेगळं. मोबाईलवर वाचून निदान करू नका."

"मी वाचून नाही, शिकून बोलते आहे. तुम्हीही हेच शिकला असाल."

"उशीर झाला तर जबाबदारी तुमची. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणजे रिपोर्टआधी पाय कापला तर जबाबदारी कुणाचीच नाही, आणि रिपोर्टची वाट पाहिली तर माझी! बाहेर भाऊ उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, तू साहेबासंग भांडून नोको राहू. मायचं काई झालं तं?" मी त्याला म्हटलं, "रिपोर्ट येईपर्यंत कोनी मायच्या पायाले हात लावला तं पाह्य."

रिपोर्ट आला तोही धड नाही. गाठीत काळं रंगद्रव्य भरलेल्या पेशी आहेत, कॅन्सर नाकारता येत नाही, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा. डॉक्टरने 'नाकारता येत नाही' वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी दुपारीच लॅब गाठली.

लॅब एका औषधांच्या दुकानाच्या वर होती. तपासणाऱ्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, खुर्चीला स्वेटर अडकवलेला, टेबलावर अर्धा राहिलेला डबा. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. म्हटलं, "माझ्या आईच्या दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत गोंदण आहे. हे तुम्हाला कुणी कळवलं होतं का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "नाही. तळपायाला काळा डाग आणि जांघेत गाठ, एवढंच कळवलं होतं. गोंदण कशाचं? काजळीचं की शाईचं?"

एवढंच. या एका प्रश्नासाठी मी इतके दिवस जळत होते, आणि त्यांनी तो डबा खाता खाता विचारला. काजळीचं, म्हणाले. आणि तळव्याला बिबा, आणि त्याच्याआधी बांबूची खुटी.

त्यांनी समजावून सांगितलं. काळ्या कॅन्सरचं काळेपण शरीराने स्वतः तयार केलेलं असतं. रंग उडवणारं औषध घातलं की ते फिकं होतं. काजळी कोळशाची, ती कशानेही फिकी होत नाही. मायच्या गाठीचा नवा काप घेऊन त्या ते औषध घालणार होत्या, शिवाय कुठल्या जातीच्या पेशी आहेत हेही वेगळ्या रंगाने पाहणार होत्या. "काळं गेलं तर मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "सांगू नका."

ते झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि न बोलता सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. औषध घालूनही काळं जसंच्या तसं होतं. फळ्यावर आयुष्यभर गोल काढून दाखवलेल्या त्या पेशी मी पहिल्यांदा माझ्या आईच्या पाहिल्या. फुगलेल्या, पोटभर काजळी घेतलेल्या. मी जन्मायच्या आधी माझ्या मायने पदर चावून सोसलेली ती काजळी. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं हे मी इथे स्पष्टच लिहिते. यांना कॅन्सर म्हटलं होतं!

मग त्यांनी तळपायाचा तुकडा दाखवला. वरच्या कातडीत बिब्याने पोळल्याच्या खुणा, आणि खाली खोल कुसळांसारखे धागे. बांबूचेच. खुटी उपटताना आत राहिलेले. त्यांच्याभोवती मोठाल्या पेशी होत्या, एकेकीत पुष्कळ केंद्रकं. कुसळ एकटीला गिळता येईना म्हणून कित्येक भक्षक पेशींनी मिळून एक देह केला होता आणि त्याला वेढा घातला होता. पायात त्या बांबूशी लढत होत्या, कातडीत गोंदण राखत होत्या, जांघेत काजळी जिरवून बसल्या होत्या. मायच्या शरीरात सगळे आपापलं काम चोख करत होते. काम चुकवलं होतं ते शरीराबाहेरच्याने.

"उरलेली कुसळं काढून घ्या, जखम भरेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. ती दुसऱ्या दवाखान्यात काढायची हे मी त्याच क्षणी ठरवलं. नव्या रिपोर्टवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कॅन्सर नाही.

तो कागद मी डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. मला वाटत होतं, याचा चेहरा तरी पडेल. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, "चला, गुड न्यूज! पण त्यांनी बिबा लपवायला नको होता. या लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे."

मी विचारलं, "आणि गोंदण? तेही लपवलं होतं का? तुमच्या मोबाईलमध्ये आहे ते."

तो घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावू लागला. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "मी उठणार नाही. पाय कापायचं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, फक्त तिला नाही. ती इतके दिवस तोंडावर चादर ओढून पडून आहे, भाकर खात नाही. आता तुम्ही स्वतः जाऊन तिला सांगा. मराठीत."

"तुम्ही मुलगी आहात, तुम्हीच सांगा ना."

"नाही. तुम्ही."

दाराशी लोक जमायला लागले तेव्हा तो उठला. वॉर्डात पुढे तो, मागे मी, भाऊ आधीच खाटेशी उभा. माय त्याला बघून धडपडत उठून बसली, डोक्यावर पदर घेतला आणि डावा पाय चादरीखाली ओढून घेतला. दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला.

डॉक्टरने गळा साफ केला. मग मोठ्याने, लहान लेकराशी बोलावं तसं म्हणाला, "आजी, घाबरू नका. तुमचा पाय वाचला बरं का!"

मायने गुडघा सोडला नाही. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग त्याच्याकडे बघून अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कोनापासून जी?"